सात नंबरचा पेंडुलम

बरोबर उत्तर आलं की काशीदादा भोईरांचा चेहरा पडायचा.

अकरावीची पोरं प्रयोग उरकून जर्नल घेऊन यायची. दादा थेट शेवटच्या ओळीवर बोट ठेवायचे. तिथं पुस्तकातला आकडा जसाच्या तसा दिसला की चष्म्यावरून त्या पोराकडे असं बघायचे, की पोरगं आपोआप खिसे चाचपायला लागायचं.

"बरोबर आलं?"

"हो दादा."

"पुना कर."

"अहो पण बरोबर आलंय ना!"

"म्हनून तर बोलतंय. पुना कर."

वसईतल्या आमच्या ज्युनियर कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो आणि काशीदादा फिजिक्सच्या लॅबमध्ये परिचर आहेत. म्हणजे कपाटं उघडायची, वस्तू मांडायच्या, पुसायच्या, मोजून परत ठेवायच्या. मी मूळचा कराडकडचा. खाडी दिसते म्हणून हौसेनं नायगावला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आता त्याच खाडीच्या वाऱ्यानं ग्रिल गंजतं म्हणून रोज कुरकुरतो. दादा त्या खाडीकाठच्याच एका गावातले, पिढीजात भातशेतीवाले. शिक्षण दहावी. अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, वरच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर, आणि तोंडावर कुणाच्या तरी मयताहून आल्याचा भाव.

त्यांचं हे बरोबर उत्तराशी असलेलं वैर कळायला आधी पेंडुलम कळायला हवा. घाबरू नका, सोपं आहे. दोऱ्याला बांधलेला धातूचा गोळा झुलवायचा. वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं, दोरा किती लांब आहे ते मोजायचं, आणि त्यावरून पृथ्वी वस्तूंना किती जोरानं खाली ओढते ते काढायचं. उत्तर येतं नऊ पॉइंट आठ. आता गंमत अशी, की हा आकडा नववीपासून झाडून सगळ्या पोरांना पाठ असतो. मग झोके मोजतंय कोण? पोरं शेवटची ओळ आधी लिहितात आणि तिथून उलटं येत येत आकडे भरतात. कॉलेजच्या भाषेत याला रीडिंग 'कुक' करणं म्हणतात. मीही माझ्या काळात केलंय. फिजिक्स शिकलेला माणूस आपण कधीच केलं नाही म्हणाला, तर त्यानंही केलंय.

दादांसमोर मात्र हे स्वयंपाकघर चालत नसे. कारण त्यांच्याजवळ एक वही होती. लांबट, रेक्झिनच्या कव्हरची. तिच्यात लॅबमधल्या एकूण एक वस्तूची खोड लिहिलेली होती. 'तीन नंबर ॲमीटर, काटा चारवर अडकतो, टिचकी मारावी.' 'पाच नंबर स्टॉपवॉच, बटन दाबल्यावर अर्धा सेकंद विचार करतंय.' 'अकरा नंबर चुंबक, पडून पडून ताकद गेली, नुसता धरून ठेवतो.' आणि सगळ्यात ठळक अक्षरांत, 'सात नंबर पेंडुलम, नऊ पॉइंट तीनच्या वर कवाच जात नाय.'

सात नंबरचा दोष दादांना पक्का माहीत होता. पेंडुलमचा दोरा वर एका मधोमध चिरलेल्या बुचात पकडलेला असतो. सात नंबरच्या बुचाचं खालचं तोंड झिजलं होतं, त्यामुळे दोरा खालून सुटायच्या ऐवजी चार सेंटीमीटर वरून सुटायचा. पोरं लांबी खालून मोजायची, म्हणजे दर वेळी चार सेंटीमीटर कमी. बूच बदलायला दोन मिनिटं लागली असती. पण दादा बदलत नव्हते. सात नंबर हा त्यांचा सापळा होता. सात नंबरवर बसलेल्या पोराचं उत्तर नऊ पॉइंट आठ आलं की चोर सापडला. जर्नल जप्त. पोरानं नवीन जर्नल लिहायचं, जुनं दादांच्या पिशवीत.

"यंत्रं खोटं बोलतात सर," ते मला सांगायचे. "पन रोज एकच खोटं बोलतात. मानसाचं तसं नाय. म्हनून यंत्र बरं."

मी कॉलेजात रुजू झालो त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. पन्नास पोरांसमोर व्हर्नियर कॅलिपर कसा वाचायचा ते झोकात दाखवत होतो. माप घेतलं, फळ्यावर लिहिलं. मागून आवाज आला, "सर, झिरो एरर वजा केला नाय." पोरं फिदीफिदी हसली. काही काही कॅलिपर असे असतात, की जबडे पूर्ण मिटले तरी शून्य दाखवत नाहीत, थोडं पुढं-मागं दाखवतात. तेवढं आधी मापातून वजा करायचं असतं. मी विसरलो होतो. एमएस्सीचं सर्टिफिकेट घरी फ्रेममध्ये आणि दहावी पास परिचर सगळ्यांदेखत चूक काढतो म्हटल्यावर माझ्या डोक्याची शीर तडतडली. संध्याकाळी त्यांना बाजूला घेऊन झापायचं ठरवलं होतं. पण ते आले तेच चहा घेऊन, आणि म्हणाले, "तुमचा पन हाय सर. अधिक दोन. तुमी सोताला मोजता तवा दोन जास्त भरता. मी वजा करून घेतंय, काळजी करू नका."

झापायचं राहिलंच, मी चहा घेतला. कपाळ!

माणसांचे झिरो एरर काढायची त्यांना खोडच होती. प्रिन्सिपल दहाला येतो म्हणाले की दादा साडेदहाला केबिन झाडायचे. केमिस्ट्रीच्या मॅडम "दोनच मिनिटं" म्हणाल्या की ते स्टूल ओढून बसायचे. एकदा मी विचारलं, "दादा, तुमचा स्वतःचा किती?" तर फडका पिळत म्हणाले, "सोताचा सोताला दिसत नाय. तिथं दुसरा कोन लागतो. तो आता नाय." त्यांची बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मला हे नंतर कळलं; त्या वेळी मी त्यांचं बोलणं हसण्यावारी नेलं होतं.

विजेच्या प्रयोगात तर त्यांनी कहर केला. विजेचा दाब वाढवत नेला की प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो, ग्राफ काढला की सरळ रेष येते, असा तो नियम. पण तो साध्या तारेच्या वेटोळ्याला लागू. बल्बला लागू नाही. बल्बमधली तार तापते, तापली की विजेला जास्त अडवते, आणि रेष वाकते. दादांनी काय केलं, तर बारा पत्र्याच्या डब्यांत वेटोळ्यांच्या जागी टॉर्चचे छोटे बल्ब बसवले, झाकणं पक्की बंद केली आणि पोरांना दिले. मलाही सांगितलं नाही. तासाभरानं अकरा गटांच्या अकरा रेषा आल्या, सुतासारख्या सरळ, शून्यातून निघालेल्या. बाराव्या गटाची वायरच निसटली होती, त्यामुळे ते शेजाऱ्यांची रेष उतरवून घ्यायच्या तयारीत होते. मी पोट धरून हसलो. दादा हसले नाहीत. एकेक डबा उघडून बल्ब काढत म्हणाले, "सर, रेष कोनाचीच वाकली नाय. एकाची तरी वाकायला पायजे होती."

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. कुणीतरी एक खरं निघेल या आशेवर हा माणूस सापळे लावायचा, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला तो विक्षिप्तपणा वाटायचा. स्टाफरूममध्ये त्यांच्या नकला करण्यात मी पटाईत होतो. आज त्या नकला आठवल्या की माझी मलाच शरम वाटते.

आता हर्षालीबद्दल सांगतो. सांगायचं जिवावर येतं, पण तिच्याशिवाय दादा पुरे होत नाहीत.

हर्षाली अकरावीला होती. दादांच्या शेजारच्याच गावची. बाप आधी मिठागरावर होता, मिठागर बंद पडल्यावर टेम्पो चालवायचा. तिच्या घराण्यात सायन्सला आलेली ती पहिली. वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, कधी काही विचारायची नाही. वार्षिक प्रॅक्टिकल परीक्षेत चिठ्ठी उचलून टेबल मिळतं, तिला सात नंबर आला. दोन तासांनी तिनं पेपर दिला. दादांनी नेहमीसारखं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. नऊ पॉइंट आठ.

दादांचा चेहरा पडला. या वेळी जरा जास्तच पडला, कारण पोरगी त्यांच्याकडची होती. त्यांनी पेपर माझ्याकडे आणला आणि हळूच म्हणाले, "सात नंबर हाय सर."

बस्स. एवढंच म्हणाले. पुढचं सगळं मी केलं. पेपर सगळ्यांसमोर वर धरला. या टेबलावर हे उत्तर येऊच शकत नाही, म्हणालो. घरून कुक करून आणायचं असेल तर सायन्स कशाला घेता, म्हणालो. ती उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. तिनं एकच वाक्य उच्चारलं, "सर, ग्राफ बघा ना."

मी म्हणालो, "ग्राफ सगळ्यांचेच सुंदर असतात."

पोरं हसली. त्या हशानं मला बरं वाटलं, हे मी कबूल करतो. लाल पेनानं शून्य दिलं आणि बाजूला लिहिलं, 'रीडिंग बनावट'. गावात गोष्ट पोचायला एक दुपार पुरली. आपल्या पोरीला चोर म्हटलं हे बापाच्या इतकं मनाला लागलं, की पुढच्या आठवड्यात तो येऊन दाखला घेऊन गेला. माझ्याकडे त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. नियमाप्रमाणे तो पेपर रद्दीत जायचा. तो जर्नलसकट दादांच्या पिशवीत गेला, आणि मी ते सगळं विसरूनही गेलो. आमच्याकडे दरवर्षी चार-दोन पोरं गळतात.

मधे तीन वर्षं गेली. गेल्या पावसाळ्यात दादांना ताप आला, आठवडाभर आले नाहीत, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. घर जुनं, कौलारू, मागं खाजणाची, भरतीचं खारं पाणी शिरणारी जमीन. दारात पोचलो तर आतून त्यांचा आवाज, "एक पॉइंट सात नऊ. एक पॉइंट आठ एक. एक पॉइंट आठ शून्य." मला वाटलं ताप डोक्यात गेला. आत डोकावलो तर खाटेवर बसून ते जुनी जर्नलं वाचत होते. मोठ्यानं. भिंतीला लागून अशा शे-दीडशे जर्नलांची थप्पी. सगळी जप्तीची.

"हे काय दादा?"

"वाचतंय. इंग्रजी कळत नाय, पन आकडे कळतात. घरात जरा आवाज होतो."

मी बिस्किटांचा पुडा ठेवला, पाच मिनिटं बसलो आणि निघालो. त्या घरात फार वेळ बसवेना.

पुढच्या रविवारी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. दारात काशीदादा, घामानं निथळलेले, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. चौदा मजले जिन्यानं चढून आले होते. "लिफ्टचा झिरो एरर मला म्हाईत नाय," म्हणाले. बायकोनं पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि पिशवीतून एक पिवळट पडलेला ग्राफ काढून माझ्यासमोर डायनिंग टेबलावर पसरला.

"सर, ही रेष शून्यातून का जात नाय?"

मी चष्मा लावला. वर कोपऱ्यात नाव होतं, हर्षाली.

"मी काय म्हनतंय," दादा माझ्या तोंडाकडे बघत सावकाश बोलत होते, जसं काही त्यांचं त्यांनाच ऐकायचं नव्हतं. "चोरी करनारं पोर रेष शून्यातून नेतंय. मी दीडशे बगितल्या. सगल्यांनी शून्यातून नेली. हीच एक बाजूने गेली. चोरायचंच होतं, तर मंग हिनं रेष चुकवली कशाला?"

मी ग्राफ जवळ ओढला. ग्राफवर पाच ठिपके होते. पाच वेगवेगळ्या लांब्या घेऊन तिनं पाच वेळा झोके मोजले होते. ठिपक्यांतून काढलेली रेष शून्याच्या जरा वरून जात होती. तिनं ती तुटक तुटक डावीकडे वाढवली होती, जिथं लांबीच्या आडव्या रेघेला मिळाली तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं, उणे चार. पुढं प्रश्नचिन्ह.

मी लाइटबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. आणि मग दादांना सांगावंच लागलं. लांबी दर वेळी चार सेंटीमीटर कमी मोजली, तरी चाळीसावरून ऐंशीवर जाताना फरक चाळीसच राहतो. दोन्हींत चूक सारखीच, ती आपली आपण उडून जाते. म्हणून एकाच मापावर विसंबलं तर सात नंबर फसवतो, पण लांबी बदलत नेऊन रेष काढली आणि तिच्या चढावरून उत्तर काढलं तर सात नंबरवरसुद्धा नऊ पॉइंट आठच येतं. यायलाच हवं. त्या पोरीनं एका परीक्षेत, दोन तासांत, एका झिजलेल्या बुचाकडून खरं उत्तर काढून घेतलं होतं. वर बूच किती झिजलंय तेही शोधलं होतं.

"उणे चार," दादा म्हणाले. "माज्या वहीत पन चारच हाय."

"हो."

"मला ते कळायला चार वर्सं लागली होती."

मी पेन खाली ठेवलं. दादांना ग्राफ कळत नव्हता, त्यांचं शिक्षण दहावी. मला कळत होता. तो वाचण्यासाठीच मला पगार मिळतो. तिनं "ग्राफ बघा" म्हटलं होतं, आणि मी विनोद केला होता. एकच पोर खरं निघावं म्हणून त्या माणसानं वर्षानुवर्षं सापळा लावला, ते पोर आलं, आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला चोर ठरवलं. दादा टेबलाच्या कडेला हात टेकून उभे होते. बायकोनं मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी लाइटबिल उलटं करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी लॅब उघडल्या उघडल्या दादांनी सात नंबरचं बूच बदललं. मग गावातून चौकशी काढली. हर्षाली सातिवलीला एका छोट्या कारखान्यात कामाला होती. तिथं पंख्यांच्या रेग्युलेटरमध्ये बसणारे विजेचे भाग बनतात, ती तपासणीच्या टेबलावर होती. "मला जायला पायजे," दादा म्हणाले. मग स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवत, "तुमी याल?" मला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं.

रिक्षात दादा सारखं एकच वाक्य घोकत होते. "हर्षाली, पोरी, माजी चूक झाली. तू खरी होतीस." दर खड्ड्याला थांबायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. कारखान्याच्या गल्लीत सगळीकडे गाळे, टेम्पो आणि जळलेल्या प्लॅस्टिकचा वास. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा ती बाहेर आली. अंगात निळा कोट, केसांवर जाळी, गळ्यात मीटरच्या दोन वायरी तशाच लोंबत होत्या. आम्हाला बघून थबकली. मग ओळखीचं हसली आणि आम्हाला समोरच्या टपरीवर घेऊन गेली.

तिनंच वडापाव सांगितले. तिनंच विचारलं, "दादा, बारीक झाला काय तुमी? ताप आलेला ना? पप्पा बोलत होते."

दादा बाकड्यावर बसले. घोकलेलं वाक्य पार कुठच्या कुठं गेलं. त्यांच्या तोंडून निघालं, "सात नंबरचा बूच बदलला."

"हो?" ती म्हणाली. "बरं झालं."

"तुजा ग्राफ बगितला. सरांनी हिशेब केला. बरोबर हाय." वडापावाचा कागद दादांच्या हातात चुरगळला. "तू चोरलं नवतंस, पोरी. मी तुला चोर केला. तुजी शाळा सुटली माज्यामुळं. मी रोज वाचतंय ते, रोज."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. आत कुठंतरी मशीन धडधडत होतं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, राग असेल, मला वाटलं आता ही बोलेल आणि बोलावंच. मग तिनं दादांच्या हातातल्या न खाल्लेल्या वडापावाकडे बघितलं आणि एकदम हसली.

"काय दादा तुमी पन! मी चोरलंच होतं."

"हां?"

"मंग काय! बाजूच्या टेबलावरच्या पोरीचं बघून लिवलं सगळं. ग्राफ पन तिचाच. तुमी बरोबर पकडलंत. मला कुठं जमत होतं फिजिक्स? उगाच गेले सायन्सला. हितं बरं चाललंय माजं. पुढल्या वर्षी सुपरवायझर करतायत. तुमी कशाला डोक्यात घेऊन बसलात?"

दादा तिच्याकडे टक लावून बघत होते. "खरंच?"

"देवाशपथ," ती म्हणाली.

दादांनी मान हलवली. एकदा, दोनदा. मग वडापावाचा घास घेतला, आणि हात धुवायला म्हणून टपरीच्या मागच्या नळावर गेले. बराच वेळ नळ वाहत होता.

मी तिथंच बसलो होतो, मास्तरकीचा सगळा तोरा गिळून. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "हर्षाली, मी प्रिन्सिपलना लेखी देतो. बाहेरून बारावीला बसता येतं. फॉर्म मी..."

तिचं हसू गेलं होतं. मीटरची वायर बोटाला गुंडाळत ती हळू आवाजात, शांतपणे म्हणाली, "दोन मापांतला फरक बरोबर येतो, चूक आपली आपण उडून जाते, हे तुम्हीच शिकवलं होतं सर. ऑगस्टमधे. मी लिहून घेतलं होतं." मग तिनं वायर सोडली. "दादांना ग्राफ येत नाही. तुम्ही तरी बघायचा होता."

मी वडापावाचे पैसे काढायला खिशात हात घातला. आत भोंगा वाजला. दादा नळावरून आले, तोंड ओलं, शर्टाची बाही ओली. ती उठली, वाकून त्यांच्या पाया पडली, "जपून जा दादा" म्हणाली आणि गेली. माझ्याकडे बघून तिनं नुसती मान हलवली.

परतीची रिक्षा स्टेशनच्या अर्ध्या वाटेवर आली होती. दादा बाहेर बघत होते. त्यांच्या मनावरचा भार असा फुकटात उतरू देणं मला पटेना, किंवा माझ्या एकट्याच्या डोक्यावर तो राहिला हे सोसवेना, देव जाणे. मी म्हणालो, "दादा, ती पोरगी..."

"म्हाईत हाय," दादा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"खोटं बोलली. बाजूच्या टेबलावर त्या दिवशी पोरगीच नवती सर, पोरगा होता. चिठ्ठी बगून मीच बसवला होता त्याला." त्यांनी ओल्या बाहीनं पुन्हा डोळे पुसले. "मी पन मान हलवली. काय करनार? उभ्या जन्मात माज्यासाठी कोन खोटं बोललं नवतं."

मी दुसऱ्या बाजूनं बाहेर बघू लागलो. माझ्याशी ती खरं बोलली होती.